कॅनडात फ्रेंच भाषेची नवी टीव्ही वाहिनी: परवान्याच्या वाटेवर काय काय लागतं

मॉन्ट्रियलमधल्या एका छोट्या निर्मिती कंपनीत मी कागदपत्रांचं काम बघते. स्वयंपाक आणि शेती या विषयांची, पूर्णपणे फ्रेंच भाषेतली वाहिनी काढायची असं आमच्या मालकीणबाईंनी ठरवलं आणि नियामकाचा सगळा भाग माझ्याकडे आला. फ्रेंच मी इथे येऊन शिकले, त्यामुळे सरकारी फ्रेंच वाचताना सुरुवातीला चांगलाच घाम फुटायचा. पुढे ओळखीतल्या दोघातिघा मराठी मंडळींनीही हेच विचारलं. कुणी माध्यमांत नोकरी शोधत होतं, कुणाला अशा वाहिनीत पैसे घालायचे होते. प्रत्येकाला फोनवर तेच सांगत बसण्यापेक्षा सगळं एका जागी, क्रमाने लिहून काढलेलं बरं.

कॅनडात हे सगळं सीआरटीसी ही प्रसारण आणि दूरसंचाराची नियामक संस्था बघते. तिचं मुख्यालय ओटावाच्या समोर, नदीपलीकडे गातिनो शहरात आहे. आपल्याकडे वाहिनीला परवानगी दिल्लीचं माहिती आणि प्रसारण मंत्रालय देतं आणि दरांचं ट्राय बघते. इथे परवाना, अटी, वितरणाचे नियम, तंटे हे सगळं एकाच छपराखाली येतं.

१. आधी जुने शब्द पुसून टाका

इंटरनेटवर शोधायला बसलात की 'कॅटेगरी १', 'कॅटेगरी २', 'कॅटेगरी ए', 'कॅटेगरी बी' असे परवान्यांच्या जुन्या वर्गांचे शब्द ढिगाने सापडतील. ते सगळे इतिहासजमा झाले आहेत. मी पहिले पंधरा दिवस यातच घालवले.

थोडक्यात इतिहास असा. १९८४ मध्ये पहिल्या इंग्रजी विशेष वाहिन्यांना परवाने मिळाले. फ्रेंच वाहिन्यांची पहिली मोठी खेप १९८७च्या निर्णयांतून आली. खेळांची आरडीएस, हवामानाची मेतेओमेदिया ही त्यातली नावं. १९९९ मध्ये आणखी चार फ्रेंच वाहिन्यांना मंजुरी मिळाली: इतिहासाची इस्तोरिया, मालिकांची सेरी प्लुस, प्रवासाची एव्हाझियों आणि विज्ञान-तंत्रज्ञानाची कनाल झेड. त्या काळी एका विषयाला एकच वाहिनी असा संरक्षणाचा नियम होता. इतिहासाची वाहिनी एकदा आली की दुसऱ्या कुणाला त्या विषयावर परवाना मिळत नसे. म्हणून तेव्हाच्या अर्जांत 'आमचा विषय वेगळा कसा' हे सिद्ध करण्यावर पानंच्या पानं खर्ची पडलेली दिसतात.

१२ मार्च २०१५च्या धोरणाने हे संरक्षण उठवलं आणि सगळ्या विशेष व पे वाहिन्यांना एकच नाव दिलं: इंग्रजीत डिस्क्रिशनरी सर्व्हिस, फ्रेंचमध्ये सेर्व्हिस फाक्युल्तातिफ. मी पुढे 'ऐच्छिक वाहिनी' म्हणते. आज तुम्ही कोणत्याही विषयाची वाहिनी काढू शकता. उद्या दुसरा कुणी तुमच्याच विषयाची काढू शकतो, आणि त्याला अडवायला कुणी येणार नाही. राष्ट्रीय बातम्या आणि मुख्य प्रवाहातले खेळ यांना मात्र वेगळे निकष आहेत. त्या वाटेला जायचं असेल तर पहिल्या दिवसापासून वकील सोबत घ्या.

२. परवाना लागतो का, हे ठरवा

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, आणि बहुतेक जण तो विचारतच नाहीत. २,००,०००पेक्षा कमी ग्राहक असलेल्या ऐच्छिक वाहिन्यांसाठी सीआरटीसीचा सूट देणारा आदेश आहे. त्यात बसलात तर परवान्याशिवाय वाहिनी सुरू करता येते. नव्या वाहिन्यांची नेहमीची वाट हीच: आधी सूट, मग ग्राहक वाढल्यावर परवाना.

सूट म्हणजे मोकळं रान असं मात्र समजू नका. मालकीच्या अटी सूट असलेल्या वाहिनीलाही लागू आहेत. आदेशातलं प्रत्येक कलम एका कागदावर उतरवा आणि समोर 'आपण हे कसं पाळणार' ते लिहा. आमच्याकडे हा तक्ता अजून भिंतीवर आहे.

वाहिनी केबलवर न नेता फक्त इंटरनेटवर दाखवायची असेल तर वाट वेगळी आहे. २७ एप्रिल २०२३ला मंजूर झालेल्या ऑनलाइन स्ट्रीमिंग कायद्याने इंटरनेटवरचं प्रसारण सीआरटीसीच्या कक्षेत आणलं. तिथे परवाना लागत नाही. कॅनडातलं वार्षिक प्रसारण उत्पन्न १ कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर नोंदणी करावी लागते. नवख्या माणसाला तो आकडा लांबचा आहे.

याच कायद्यामुळे शब्दही बदलले. पूर्वी 'परवान्याच्या अटी' म्हणायचे, आता 'सेवेच्या अटी' म्हणतात. एखादा कागद वाचताना त्यावरची तारीख आधी बघा. २०२३च्या आधीचा असेल तर त्यातली कलमं आजच्या कायद्याशी ताडून घेतल्याशिवाय वापरू नका.

३. मालकीचं गणित: इथे घाई करू नका

सीआरटीसीला कॅनडाबाहेरच्या मालकीच्या कंपनीला परवाना देता येत नाही. मंत्रिमंडळाच्या निर्देशानुसार परवाना घेणाऱ्या कंपनीत मताधिकार असलेले किमान ८० टक्के शेअर कॅनेडियन लोकांकडे असावे लागतात, संचालकांपैकी किमान ८० टक्के कॅनेडियन असावे लागतात आणि मुख्य कार्यकारी अधिकारी कॅनेडियन असावा लागतो. वर पालक कंपनी असेल तर तिच्यात दोन तृतीयांश मताधिकार कॅनेडियन हवेत. आणि हे आकडे जुळले तरी प्रत्यक्षात सूत्रं बाहेरच्या कुणाच्या हाती नाहीत ना, हे वेगळं तपासलं जातं. भागधारकांच्या करारात एखाद्या परदेशी गुंतवणूकदाराला नकाराधिकार दिला असेल, किंवा सगळं कर्ज त्याच्याकडूनच घेतलं असेल, तर प्रश्न येणारच.

आता आपल्या लोकांनी लक्ष द्यावं असा मुद्दा. या निर्देशात 'कॅनेडियन' म्हणजे कॅनडात राहणारा नागरिक. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, असलेला माणूसही चालतो, पण मुदत आहे: तो नागरिकत्वाच्या अर्जासाठी पहिल्यांदा पात्र झाला त्या तारखेपासून एक वर्षापर्यंतच. त्यानंतर तो पीआर कायम असला, इथेच राहत असला, कर भरत असला, तरी या हिशोबात कॅनेडियन धरला जात नाही.

आमचा एक भागधारक मराठी होता, मताधिकाराचे २५ टक्के शेअर त्याच्याकडे. तो इथे दोन वर्षं शिकला, मग पीआर झाला, आणि आमचा अर्ज तयार झाला तेव्हा पीआर होऊन साडेतीन वर्षं झाली होती. मी हिशोब केला: नागरिकत्वाला पाच वर्षांत १,०९५ दिवस म्हणजे तीन वर्षं, त्यावर एक वर्ष, म्हणजे चार वर्षांपर्यंत आपण सुरक्षित. हिशोब चुकला होता. पीआरच्या आधी इथे काढलेले दिवस अर्धे धरले जातात, जास्तीत जास्त ३६५पर्यंत. शिक्षणाच्या दोन वर्षांचं एक वर्ष जमा झालं होतं, त्यामुळे तो पीआरनंतर दोनच वर्षांत पात्र झाला होता. वर्षभराची मुदत सहा महिन्यांपूर्वी संपली होती. आमच्या कंपनीचे २५ टक्के मताधिकार अचानक बिगर-कॅनेडियन ठरले आणि मर्यादा २० टक्क्यांची.

त्याने नागरिकत्व का घेतलं नव्हतं, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. आईवडील गावाकडे, शेतजमीन त्यांच्या नावावर, आणि निळा पासपोर्ट परत करायला मन होत नाही. 'ताई, पासपोर्टचा आणि टीव्हीचा संबंध काय?' असं त्याने मला विचारलं तेव्हा निर्देशाचं ते कलम मी त्याच्यासमोर ठेवलं. त्याने ते दोनदा वाचलं, आणि बराच वेळ काही बोलला नाही.

शेवटी त्याचा मताधिकार १५ टक्क्यांवर आणला, उरलेले शेअर मताधिकाराविना दिले, भागधारकांचा करार नव्याने लिहिला. सात आठवडे गेले. म्हणून सांगते, कंपनी नोंदवण्यापूर्वीच प्रत्येक भागधारकाचा आणि संचालकाचा तक्ता बनवा: नागरिक की पीआर, कॅनडात पहिल्यांदा कधी आला, कोणत्या व्हिसावर, पीआर कधी, बाहेर किती दिवस होता. नागरिकत्वाच्या दिवसांची मोजणी करण्याचं साधन सरकारी संकेतस्थळावर आहे. बोटांवर मोजू नका.

४. वितरकाला अर्जाच्या आधी भेटा

परवाना मिळाला म्हणजे वाहिनी लोकांच्या घरात पोचली, असं होत नाही. केबल, फायबर किंवा सॅटेलाइट कंपनीने तुमची वाहिनी घ्यावी अशी सक्ती ऐच्छिक वाहिनीच्या परवान्याने येत नाही. क्वेबेक या आमच्या फ्रेंचभाषक प्रांतात घरं व्हिडिओत्रोन, बेल, कोजेको अशा मोजक्या कंपन्यांच्या हाती आहेत. व्हिडिओत्रोन आणि बेल यांचे समूह स्वतःही फ्रेंच वाहिन्या चालवतात. म्हणजे दुकानदाराचाच माल शेल्फवर असतो आणि तुम्ही त्याच्याकडे जागा मागायला जाता.

नियम तुमच्या बाजूने थोडे आहेत, आणि ते पाठ असायला हवेत. वितरक आपल्या समूहाच्या जितक्या फ्रेंच ऐच्छिक वाहिन्या दाखवतो, तितक्या स्वतंत्र फ्रेंच वाहिन्या त्याने दाखवायला हव्यात, एकास एक. ज्या भागात फ्रेंच मातृभाषा असलेले लोक ५० टक्क्यांहून अधिक, तो फ्रँकोफोन बाजार. त्याबाहेर, म्हणजे टोरोंटो किंवा विनिपेगमध्ये, बहुसंख्याकांच्या भाषेतल्या दर १० वाहिन्यांमागे अल्पसंख्य भाषेची किमान एक द्यावी लागते. शिवाय स्वतःच्या वाहिनीला अवाजवी झुकतं माप देण्यास मनाई आहे, आणि घाऊक दरांच्या वाटाघाटींसाठी २०१५ची संहिता आहे. बोलणी फसली तर सीआरटीसीकडे मध्यस्थी मागता येते, पुढे दोन्ही बाजूंच्या अंतिम प्रस्तावांतून एक निवडण्याचा लवादही आहे. पण कोणती स्वतंत्र वाहिनी घ्यायची, हे वितरकच ठरवतो. एकास एकचा नियम म्हणजे तुमचं राखीव तिकीट नव्हे.

पैशाचा हिशोब कागदावर मांडा. समजा वितरक प्रत्येक ग्राहकामागे महिन्याला १५ सेंट देतो आणि १,५०,००० ग्राहक आहेत. महिन्याचे २२,५०० डॉलर, वर्षाचे २,७०,०००. एवढ्यात कार्यक्रम, मथळेपट्टी (बहिऱ्या प्रेक्षकांसाठी पडद्यावरचा मजकूर), प्रसारणाचा तांत्रिक खर्च आणि पगार बसवायचे. डिसेंबर २०१६पासून ग्राहकाला एकेक वाहिनी सुटी निवडता येते, त्यामुळे 'पॅकेजमध्ये टाकतील आणि आपोआप लाखभर घरं मिळतील' हे गृहीत धरू नका. आमच्या पहिल्या अंदाजात मी हेच गृहीत धरलं होतं. वितरकाच्या माणसाने कागद शांतपणे परत सरकवला आणि विचारलं, 'ही वाहिनी सुटी किती लोक घेतील?' आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या भेटीला आम्ही शेतकरी संघटना आणि पाककला शाळांमध्ये फिरून गोळा केलेली पत्रं घेऊन गेलो, तेव्हा बोलणं पुढे सरकलं.

वितरकाचं लेखी पत्र, निदान रस असल्याचं, हाती येईपर्यंत बाकी खर्च रोखून धरा.

५. 'नाइन-वन-एच'च्या मागे लागावं का?

या धंद्यात हा शब्द रोज कानावर पडतो. प्रसारण कायद्यातलं ते कलम वापरून सीआरटीसी एखादी वाहिनी सगळ्या वितरकांना सक्तीने दाखवायला लावू शकते आणि तिचा दरही ठरवू शकते. २०२३च्या बदलानंतर कलमाचा क्रमांक बदलला, पण लोक अजून जुनंच नाव घेतात.

फ्रेंच भाषेतलं चांगलं उदाहरण म्हणजे युनिस टीव्ही. ऑगस्ट २०१३च्या निर्णयाने टीव्ही५ या फ्रेंच वाहिनीला ही सक्तीची जोडवाहिनी मिळाली आणि १ सप्टेंबर २०१४ला ती सुरू झाली. अकादी (पूर्वेकडचा फ्रेंचभाषक भाग), ओंटारियो, मॅनिटोबा इथल्या, क्वेबेकबाहेर फ्रेंच बोलणाऱ्या लोकांचं जगणं पडद्यावर आणणं हे तिचं काम. त्याच निर्णयाने दृष्टिहीन आणि कमी दिसणाऱ्या प्रेक्षकांसाठी फ्रेंच वाहिनीही मंजूर केली. त्याच वेळी कितीतरी अर्ज नाकारले गेले. घराघरातून सक्तीने पैसे घेण्याइतकी ही वाहिनी अपवादात्मक आहे, हे सिद्ध करावं लागतं.

बेळगावात वाढलेल्या माणसाला युनिसचं महत्त्व चटकन कळेल. आपली भाषा बहुसंख्याकांची नाही अशा गावात ती टीव्हीवर ऐकू येणं ही साधी गोष्ट नसते. पण स्वयंपाकाच्या वाहिनीला हा दरवाजा उघडणार नाही. आम्ही तो विचार एका बैठकीतच सोडला.

६. अर्जाची फाइल

परवान्याच्या टप्प्यावर आलात की अर्ज सीआरटीसीच्या संकेतस्थळावर, आपलं खातं उघडून, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने भरायचा. भाषा फ्रेंच किंवा इंग्रजी, कोणतीही चालते. फ्रेंच वाहिनीचा अर्ज फ्रेंचमध्येच करा, कारण हरकती आणि प्रश्न फ्रेंचमध्येच येतील आणि दोन भाषांत शब्द जुळवत बसण्यात वेळ जातो.

हाताशी ठेवायची कागदपत्रं:
– कंपनीच्या नोंदणीची कागदपत्रं आणि उपविधी
– भागधारकांचा करार, शेअरवाटपाचा तक्ता, संचालक आणि अधिकाऱ्यांची यादी, प्रत्येकाचं नागरिकत्व किंवा पीआरची स्थिती
– वाहिनीच्या स्वरूपाचं वर्णन आणि आठवड्याची कार्यक्रमपत्रिका
– पुढच्या वर्षांचे उत्पन्न-खर्चाचे अंदाज, आणि ते कशावर आधारले आहेत
– भांडवलाचा पुरावा: बँकेचं किंवा गुंतवणूकदाराचं पत्र, त्यातल्या अटींसकट
– वितरकांशी झालेला पत्रव्यवहार, मागणीचा पुरावा, पाठिंब्याची पत्रं
– मथळेपट्टी आणि वर्णनध्वनीची (दृष्टिहीनांसाठी दृश्याचं बोलून केलेलं वर्णन) योजना

गोपनीयतेचा सापळा नीट समजून घ्या. अर्ज सार्वजनिक होतो, तुमचा स्पर्धक तो वाचतो. वितरकाशी ठरलेला दर, आर्थिक अंदाज अशा गोष्टी गोपनीय ठेवण्याची विनंती करता येते, पण कारण द्यावं लागतं आणि तेवढा भाग काढलेली सार्वजनिक प्रत जोडावी लागते. आम्ही पीडीएफमध्ये आकड्यांवर काळे चौकोन काढले होते. पाठवण्याच्या आदल्या संध्याकाळी सहज म्हणून मी त्या काळ्या पट्टीवरून माउस फिरवला, मजकूर निवडला, दुसऱ्या पानावर चिकटवला, तर आकडा जसाच्या तसा समोर आला. चौकोन वर होता, आकडा खाली शाबूत होता. आकडे मूळ फाइलमधूनच काढा, मग नवी पीडीएफ करा, आणि ती फाइल एखाद्या सहकाऱ्याला देऊन 'यातून दर शोधून दाखव' असं सांगा.

७. सूचना, हरकती, सुनावणी

अर्ज पूर्ण आहे असं वाटलं की सीआरटीसी तो जाहीर करते. त्याआधी कर्मचाऱ्यांकडून प्रश्नांचं पत्र येईल, बहुधा एकाहून जास्त वेळा. उत्तराची मुदत पाळा. उशीर होणार असेल तर मुदत संपण्यापूर्वी लेखी वाढ मागा.

नव्या परवान्यासाठी कायद्याने सार्वजनिक सुनावणी लागते. साध्या ऐच्छिक वाहिनीच्या बाबतीत ती बहुतेक वेळा हजेरीविना होते, म्हणजे कागदावरच. कोट-टाय घालून गातिनोला जाण्याची तयारी करू नका. हरकती आणि पाठिंबे कुणीही पाठवू शकतो. त्यांना उत्तर द्यायला तुम्हाला थोडेच दिवस मिळतात, त्यामुळे कोण काय म्हणेल याचा अंदाज घेऊन कच्ची उत्तरं आधीच लिहून ठेवा. स्पर्धकाची हरकत आली की चिडून लिहू नका. मुद्दा, आकडा, कलम, एवढंच. तुमचं उत्तरही कायम सार्वजनिक राहतं.

८. फ्रेंच पडद्याचे वेगळे नियम

मथळेपट्टी परवानाधारक वाहिनीच्या सगळ्या कार्यक्रमांना लागते. थेट प्रक्षेपणासाठी फ्रेंचमध्ये अचूकतेचा किमान निकष ८५ टक्के आहे. पूर्वमुद्रित कार्यक्रमात चूक चालतच नाही. क्वेबेकी उच्चारांवर यंत्र अडखळतं, म्हणून माणसाकडून तपासणी करण्याचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या वर्षापासून धरा. आमच्या चाचणीत एका चीजवाल्याच्या मुलाखतीत 'ले' म्हणजे दूध हा शब्द यंत्राने वारंवार 'लेद' म्हणजे कुरूप असा लिहिला होता. बहिऱ्या प्रेक्षकाने काय समजायचं?

वयोगटाची चिन्हं इंग्रजी वाहिन्यांची वापरू नका. फ्रेंच वाहिन्या क्वेबेकच्या चित्रपट वर्गीकरणाची पद्धत वापरतात: सर्वांसाठी, ८+, १३+, १६+, १८+.

परवानाधारक वाहिनीने कार्यक्रमांपैकी किमान ३५ टक्के कॅनेडियन दाखवावेत आणि उत्पन्नाचा किमान १० टक्के भाग कॅनेडियन कार्यक्रमांवर खर्च करावा, हा २०१५च्या धोरणाचा पाया. कॅनेडियन कार्यक्रम कशाला म्हणायचं याची १० गुणांची पद्धत अनेक वर्षं चालत आली, पण ऑनलाइन स्ट्रीमिंग कायद्यानंतर त्या व्याख्येवर काम झालं आहे, म्हणून अर्ज करताना ताजा नियमच उघडा. फ्रान्समधून विकत घेतलेला कार्यक्रम फ्रेंच भाषेत असला तरी कॅनेडियन धरला जात नाही. नवख्यांची इथे हमखास गल्लत होते.

९. सिग्नल सुरू झाल्यावर

प्रसारण वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं मोजतात. वार्षिक विवरण ३० नोव्हेंबरपर्यंत द्यायचं. दर महिन्याची कार्यक्रम नोंद महिना संपल्यापासून ३० दिवसांत. प्रसारणाचं ध्वनिचित्रमुद्रण चार आठवडे जपून ठेवायचं, तक्रार आली तर आठ आठवडे. मुद्रणाची डिस्क भरून थांबली तर कुणाला संदेश जाईल, हे पहिल्याच दिवशी ठरवा. आमच्याकडे तो संदेश एका सुटीवर गेलेल्या तंत्रज्ञाच्या फोनवर जात होता आणि तीन दिवसांचं मुद्रण झालंच नाही. तक्रार आली नाही म्हणून निभावलं.

आता तो संदेश तिघांच्या फोनवर जातो, आणि दर सोमवारी सकाळी मी आदल्या आठवड्यातली कोणतीही एक तारीख निवडून ते मुद्रण उघडून बघते.